गंज, रंग आणि एका रायफलची दिवाळी

कोरोजन हा विषय आपल्याला पहिल्या वर्षी केमिस्ट्रीत भेटतो, सात मार्कांचं उत्तर लिहून घेतो आणि निघून जातो. मेकॅनिकलवाल्यांना पुढे मटेरियल्सच्या पेपरात त्याचं ओझरतं दर्शन होतं, तेही पोर्शन संपवायच्या घाईत. मला तो तिसऱ्यांदा भेटला तो गुहागरच्या बाजूला, दाभोळ खाडीच्या काठी, मामाच्या घरी टांगलेल्या एका एअर रायफलच्या नळीवर. या वेळी मार्क नव्हते, पण डेडलाइन होती. म्हणून हा विषय एकदाचा नीट समजून घेतला, तोच इथे मांडतो आहे.

रायफल माझ्या मामेबहिणीची. ती नववीत आहे आणि शालेय स्पर्धांत ओपन साइट एअर रायफलमध्ये उतरते. रायफल सेकंडहँड, स्प्रिंगवर चालणारी, नळी मोडून कॉक करायची. ज्यांनी ही कधी हाताळली नाही त्यांच्यासाठी सांगतो: मागच्या जाड सिलिंडरमध्ये पिस्टन आणि दणकट स्प्रिंग असते, नळी खाली वाकवली की स्प्रिंग दबते, ट्रिगर ओढला की पिस्टन पुढे झेपावतो आणि त्या दाबाच्या हवेने छर्रा सुटतो. बोअर ४.५ मिलिमीटर आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल तर आपल्याकडे अशा रायफलीला परवाना लागत नाही. परवान्याची बंदूक ही वेगळी गोष्ट. तिची दुरुस्ती हे परवानाधारक कारागिराचं काम आहे, तिच्यावर घरचे प्रयोग करू नयेत.

एका पावसाळ्यात या रायफलीची मूळची काळी-निळी झाक जाऊन तिच्यावर चहाच्या गाळासारखे डाग पडले होते. पुढच्या माशीजवळ तर बोटाला खड्डे लागत होते. काळजी दिसण्याची नव्हती. गंज नळीच्या तोंडाच्या गोल कडेपर्यंत पोचला, तर छर्रा बाहेर पडताना हवा एका बाजूने आधी निसटते आणि नेम विस्कटतो. नवी घ्यावी तर यंदा आंब्याने मामाला साथ दिली नव्हती. जिल्ह्याची स्पर्धा दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी. म्हणजे रायफल खोलून, रंगवून, जोडून तिच्या हातात द्यायला मला दिवाळीच्या सुट्टीचे दिवस होते, आणि काम फसलं तर तिच्याकडे दुसरी रायफल नव्हती.

मामाचं मत सरळ होतं. "अरे, काळा रंगच द्यायचाय ना? हार्डवेअरमधनं डबा आण नि मार ब्रश. नायतर खोबरेल लाव. कोयत्याला काय लावतो आपण?" खोबरेलाचं एक बरं असतं, आज लावलं की उद्या कोयता चकचकीत दिसतो. पण काही महिन्यांत ते खवट होतं, त्यात आम्लं तयार होतात आणि चिकट थर बसतो. कोयता रोज घासला जातो म्हणून चालतं. रायफलीच्या सांध्यात तो चिकटा चालत नाही.

आता थोडी थिअरी, पण परीक्षेपुरती नाही. नव्या रायफलीवर जी काळी-निळी झाक असते तिला ब्लूइंग म्हणतात. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटसारख्या क्षारांच्या उकळत्या द्रावणात, सुमारे १४० अंश सेल्सिअसला, पोलादाच्या पृष्ठभागाचंच मॅग्नेटाइट बनवतात. हाही लोखंडाचा ऑक्साइडच, गंजाचा सभ्य भाऊ म्हणा. हा थर एक-दोन मायक्रॉनचा आणि सच्छिद्र असतो. खरं संरक्षण त्या छिद्रांत धरून ठेवलेलं तेल करतं. तेल पुसलं गेलं, त्यावर घामाचा हात लागला आणि वर खाडीची खारी हवा, की मग जुलैत ब्लूइंगचं काही चालत नाही.

लष्करांना हे फार आधी कळलं होतं. थॉमस वॉट्स कॉस्लेट या इंग्रज माणसाने १९०६ मध्ये पोलादावर फॉस्फेटचा थर देण्याचं पेटंट घेतलं. पुढे अमेरिकेत डेट्रॉइटच्या पार्कर कंपनीने ती पद्धत वाढवली, म्हणून बंदुकांच्या जगात तिला पार्करायझिंग म्हणतात. फॉस्फेटचा थर स्फटिकांचा असतो, खडबडीत आणि राखाडी. तो तेल तर धरतोच, पण रंगही फार घट्ट धरतो. म्हणून ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून त्यावर भट्टीत भाजायचा काळा रंग द्यायला सुरुवात केली. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीतल्या बऱ्याच जुन्या रायफलींवरही असा काळा रंग दिसतो. म्हणजे रायफलीला रंग देणं ही हौशी लोकांनी काढलेली टूम नाही.

हौशी लोकांची टूम म्हणायचं तर ती अमेरिकेची. तिकडे घरच्या गॅरेजमध्ये रायफलीवर स्प्रे मारणं हा मोठा छंद आहे आणि त्यासाठी खास रंग मिळतात. सेराकोट हा सिरॅमिक मिसळलेला पॉलिमर. त्याचा भट्टीचा प्रकार १२१ अंशांना दोन तास भाजतात आणि थर साधारण २५ मायक्रॉनचा ठेवतात. ड्युराकोट हा दोन भाग मिसळून मारायचा, भट्टीशिवाय सुकणारा. अल्युमा-हाइड हा डब्यातून थेट फवारायचा इपॉक्सी, पण पुरता कडक व्हायला आठवडा आणि कधी जास्तही घेणारा. मी या सगळ्यांच्या सूचना वाचून काढल्या आणि एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येकात रंग मारण्याबद्दल चार ओळी असतात आणि मारण्याआधीच्या तयारीबद्दल चार पानं.

असं का, याचं उत्तर मला मेन नावाच्या केंब्रिजच्या संशोधकाच्या कामात मिळालं. १९५० च्या सुमारास त्याने मोजून दाखवलं की रंगाच्या थरातून पाणी आणि ऑक्सिजन इतक्या सहज आरपार जातात की उघडं पोलाद गंजायला लागतं तेवढं दोन्ही आत पोचतंच. हे वाचून मी दोन मिनिटं पुस्तक बंद करून बसलो. आपण सगळे समजतो की रंग म्हणजे रेनकोट. तसं नाही. रंग दोन कामं करतो. एक, तो क्षारांच्या आयनांना वाट देत नाही, त्यामुळे गंजाच्या बॅटरीचं सर्किट पुरं होत नाही. दोन, तो धातूला इतका चिकटून असतो की आत आलेल्या पाण्याला साठायला जागाच मिळत नाही. चिकटणं सुटलं की खाली पाण्याचा थेंब जमतो. त्या थेंबात पूर्वीचं एखादं मिठाचं कण असेल तर ऑस्मॉसिसने तो बाहेरचं पाणी आणखी ओढतो आणि रंगाला फोड येतो. लोखंडी गेटवर आपण बघतो ते फोड हेच. थोडक्यात, रंगाच्या डब्याचा ब्रँड कुठला यापेक्षा त्याच्या खाली काय राहिलं याला महत्त्व जास्त. मामाला हे मी खाडीकडे बोट दाखवून समजावलं. तो म्हणाला, "मग रंग कशाला देतोस?" प्रश्न व्हायवात विचारण्यासारखा होता.

रायफलीला हात लावण्याआधी मी चार तुकडे केले. चिपळूणच्या भंगारवाल्याकडून त्याच जाडीची पोलादी नळी घेतली आणि बोटभर लांबीचे चार भाग पाडले. पहिला फक्त फडक्याने पुसला आणि रंगवला. दुसरा ॲसिटोनने धुऊन रंगवला. तिसरा ॲसिटोनने धुतला, २२० नंबरच्या एमरी पेपरने आडवा-तिरका घासला, पुन्हा धुतला आणि रंगवला. चौथा ब्लास्टिंग आणि फॉस्फेट करून रंगवला. रंग सगळ्यांवर एकच, भाजणी एकच. मग प्रत्येकावर ब्लेडने बारीक चौकटी कापल्या, वर चिकटपट्टी दाबली आणि झटक्यात ओढली. एएसटीएमच्या डी ३३५९ या क्रॉस-कट चाचणीचीच ही गरिबाची आवृत्ती. पहिल्या तुकड्याचा रंग पट्टीबरोबर स्टिकरसारखा आला. दुसऱ्याच्या चौकटींचे कोपरे उडाले. तिसरा टिकला. चौथाही टिकला. मग तिसरा आणि चौथा यांच्यावर फुली मारून, रोज मिठाचं पाणी फवारून ते विहिरीच्या कठड्यावर ठेवले. दहा दिवसांत तिसऱ्याच्या फुलीच्या कडेने गंज रंगाखाली सरकायला लागला. चौथ्याच्या फुलीत गंज होता, पण तो फुलीतच राहिला. फॉस्फेटने काय फरक पडतो हे यापुढे मला कुणी पाठ करायला सांगायला नको. हे तुकडे मी सुट्टीच्या आधीच, सप्टेंबरात घरी गेलो तेव्हा सुरू केले होते. ज्यांना करायचं आहे त्यांनी इतका वेळ हाताशी ठेवावा.

रंग मी अमेरिकन घेतला नाही. आपल्याकडे स्टोव्हिंग एनॅमल म्हणून भट्टीत भाजायचा रंग मिळतो, कपाटं आणि सायकली रंगवायला वापरतात तो. मॅट काळा घेतला. १२० ते १४० अंशांत अर्धा तास त्याची भाजणी होते. दुसरा पर्याय होता गाड्यांचा दोन भागांचा पीयू रंग. त्याचा थर सुरेख बसतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवाऱ्यातून ते फुप्फुसात गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. व्यावसायिक लोक बाहेरून हवा पुरवणारा मास्क घालून तो मारतात. हॉस्टेलच्या गॅलरीत तोंडाला रुमाल बांधून बाइकची टाकी रंगवणाऱ्या मित्रांनी हा परिच्छेद कृपया दोनदा वाचावा. पावडर कोटिंगचाही विचार केला होता, पण त्याची भाजणी १८० अंशांच्या पुढे आणि थर ६० ते ८० मायक्रॉनचा. रायफलीवरची अक्षरं आणि नंबर त्यात बुजतात. परवान्याच्या बंदुकीचा नंबर पुसणं हा आर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे. एअर रायफलीचाही नंबर स्पष्ट वाचता यायलाच हवा, कारण चोरीला गेली तर ओळख तीच.

आता खोलणं. स्प्रिंगच्या एअर रायफलीत स्प्रिंग न कॉक करताही दाबलेलीच असते. मागचा बोल्ट काढला की ती बाहेर येते, आणि समोर जे असेल त्याला लागते. म्हणून हे काम क्लबच्या कोचसरांनी त्यांच्या स्प्रिंग दाबायच्या लांब शिकंज्यावर करून दिलं. ज्यांच्याकडे आधुनिक, हवेच्या सिलिंडरची रायफल असेल त्यांनी एक ध्यानात ठेवावं: २०० बारपर्यंत हवा भरायचा तो सिलिंडर भट्टीत कधीही ठेवायचा नाही, रिकामा असला तरी. उष्णतेने ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ताकद उतरते आणि ती उतरलेली डोळ्यांना दिसत नाही.

आमच्या रायफलीचं लाकूड, पिस्टन, त्याचा सील, स्प्रिंग, ट्रिगरचे भाग, प्लॅस्टिकची माशी हे सगळं बाजूला ठेवलं. हातात राहिली नळी, सिलिंडर, कॉक करायचा दांडा आणि दोन-चार किरकोळ भाग. १३० अंशांनी पोलादाचा कडकपणा जाईल का, असं तिने विचारलं होतं. प्रश्न चांगला आहे. स्प्रिंगसारख्या भागांचं टेंपरिंग याच्या कितीतरी वरच्या तापमानाला झालेलं असतं, त्यामुळे पोलादाला काही होत नाही. सील आणि ग्रीसला मात्र होतं, म्हणून ते बाहेर. स्प्रिंग आम्लात बुडवायची नाही हे मात्र तिला बजावलं. आम्लातला हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि नंतर एक दिवस स्प्रिंग कॉक करताना तुटते.

जुन्या रायफलीत तेल कुठे कुठे लपलेलं असतं याची कल्पना येत नाही. ॲसिटोनने दोनदा धुतल्यावर भाग काचेसारखे कोरडे दिसत होते. ते रंगाशिवायच तासभर १३० अंशांना तापवले, तर सिलिंडरच्या खाचेतून आणि आट्यांतून तपकिरी घाम फुटला. पुन्हा धुतले, पुन्हा तापवले. तिसऱ्या वेळी घाम आला नाही. हे न करता रंग मारला असता तर तो घाम भाजताना रंगाखालून आला असता. ॲसिटोन उघड्यावर, शेगडी-उदबत्ती लांब ठेवून वापरायचं, कारण उणे वीस अंशांनाही त्याची वाफ पेट घेऊ शकते.

ब्लास्टिंग आणि फॉस्फेट खेर्डीच्या एमआयडीसीतल्या एका शॉपमध्ये केलं. तिथे पावडर कोटिंगसाठी सात टाक्यांची रांग असते: तेल काढणं, धुणं, गंज काढणं, धुणं, फॉस्फेट, धुणं, शेवटचं पॅसिव्हेशन. आमचा माल म्हणजे त्यांच्या दृष्टीने खेळणं, पण शॉपवाल्यांनी हौसेने करून दिलं. नळीची दोन्ही तोंडं निमुळत्या रबरी बुचांनी बंद केली होती, कारण आतले रायफलिंगचे आटे आम्लाला किंवा ब्लास्टिंगच्या कणांना दिसताही कामा नयेत. ब्लास्टिंगला ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरायला सांगा. नदीच्या वाळूची धूळ म्हणजे सिलिका आणि ती कामगाराच्या फुप्फुसात कायमची राहते. टाकीतून निघाल्यापासून रंग लागेपर्यंत भागांना उघडा हात लावला नाही, नायट्राइलचे हातमोजेच. तिथून मिळालेला एक धडा हॉस्टेलवरही करून बघता येईल. धातू स्वच्छ आहे का हे बघायचं तर त्यावर डिस्टिल्ड वॉटर ओता, गॅरेजमध्ये बॅटरीत घालतात तेच. पाण्याचा पातळ सलग पडदा राहिला तर स्वच्छ. पाणी फाटून थेंब झाले तर तिथे अजून तेल आहे. यंत्र लागत नाही, दोन रुपयांचं पाणी लागतं.

मग झाकणं. या रायफलीत नळी मोडते आणि परत येऊन सिलिंडरला भिडते, आणि ती दर वेळी त्याच जागी भिडते म्हणूनच नेम लागतो. त्या भिडणाऱ्या तोंडांवर दोन्हीकडे ३० मायक्रॉन रंग चढला तर सांध्यात ६० मायक्रॉनची भर पडते, आणि तो रंग वापरात झिजेल तसा नेम रोज थोडा सरकत राहतो. म्हणून ती तोंडं, सांध्याचा बोल्ट, आटे, साइट बसवायची खाच आणि दांडा जिथे घासतो ती पट्टी हे सगळं उष्णता सोसणाऱ्या टेपने झाकलं. तिथे ब्लूइंगच्या काळासारखं तेलच. रायफलीचा प्रत्येक इंच काळा करायचा मोह होतो, तो आवरावा लागतो.

रंग किती लागेल याचं गणित मला फार आवडलं, म्हणून इथे देतोच. नळी ४५ सेंटिमीटर लांब आणि १६ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे सुमारे २२६ चौरस सेंटिमीटर. सिलिंडर ३० सेंटिमीटर आणि २८ मिलिमीटर, म्हणजे २६४. किरकोळ धरून ५५०. त्यावर २५ मायक्रॉनचा सुका थर म्हणजे जेमतेम १.४ घन सेंटिमीटर. पातळ केलेल्या रंगात घन भाग ३० टक्के धरला तर ४.६ मिलिलिटर ओला रंग. बारीक नळीवर फवारताना बहुतेक रंग शेजारून निघून जातो, चौथा हिस्सा लागला असं मानलं तरी १८ मिलिलिटर. चहाचा अर्धा कटिंगसुद्धा नाही. दुकानदार अर्ध्या लिटरखाली द्यायला तयार नव्हता हा भाग वेगळा. उरलेल्या डब्याकडे मामा अजून आशेने बघतो, पण हा रंग भाजल्याशिवाय पक्का होत नाही, खिडकीच्या गजांना त्याचा उपयोग नाही.

हवा बघून दिवस निवडला. नियम असा की धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश वर हवं. दवबिंदू काढायची सोपी रीत: आर्द्रता शंभरपेक्षा जितकी कमी, तिला पाचाने भागा आणि तेवढे अंश तापमानातून वजा करा. जुलैत तिकडे २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली तर दवबिंदू २६, म्हणजे फरक दोनच, रंग मारू नये. दिवाळीतल्या दुपारी ३२ अंश आणि ५० टक्के होतं, दवबिंदू २२, फरक दहा. पावसाळ्यात रंगवलेली कोकणातली गेटं लवकर सोलतात त्याचं एक कारण इथे आहे.

फवाऱ्यासाठी छोटी टच-अप गन आणि पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर आणला. त्याच्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं, म्हणून मध्ये फिल्टर बसवला. नाहीतर रंगात माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. भाग तारेने टांगले, गन १५-२० सेंटिमीटरवर धरली. हात भागाच्या बाहेर असताना ट्रिगर दाबायचा, पूर्ण लांबी पार करून बाहेर गेल्यावर सोडायचा, पुढचा फेरा आधीच्या निम्म्यावर. पहिला हात नुसता धुक्यासारखा, धातू झाकायचा प्रयत्नच करायचा नाही. दहा मिनिटांनी दुसरा, ओलसर चमक दिसेल इतका. गोल नळीवर गन न फिरवता नळीच थोडी थोडी फिरवली. फॉस्फेटनंतर नळीचा व्यास मायक्रोमीटरने मोजून ठेवला होता. भाजल्यावर तो ०.०६ मिलिमीटरने वाढलेला निघाला. ही वाढ दोन्ही बाजूंची मिळून, म्हणून थर ३० मायक्रॉन. मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलनंतर मायक्रोमीटर पहिल्यांदा मनापासून वापरला.

भट्टीचा प्रश्न वेगळाच. घरच्या ओव्हनमध्ये रंगाचं काहीही भाजायचं नाही, पुन्हा त्यात नानकटाई होणार असते. आणि ४५ सेंटिमीटरची नळी त्यात मावतही नाही. मी हॉस्टेलची पत्र्याची ट्रंक घेतली, आतून काचलोकर आणि त्यावर पत्रा, तळाशी हजार वॉटची कॉइल, वर आडवा पत्रा म्हणजे कॉइलची थेट धग भागावर येऊ नये, झाकणाला दोन भोकं आणि अर्थिंग नीट. इन्स्ट्रुमेंटेशनच्या रूम पार्टनरने थर्मोकपल आणि कंट्रोलर लावून दिला. रिकामी चालवून बघितली तेव्हा एका कोपऱ्यात १५५ आणि दुसऱ्यात १०५ अंश होते. आडव्या पत्र्याची जागा बदलत बदलत फरक दहा अंशांवर आणला. थर्मोकपल हवेत नाही, त्याच जाडीच्या नळीच्या तुकड्याला बांधून ठेवलं, कारण भाजायची असते ती नळी, हवा नाही. हवा १३० ला पोचल्यावरही धातू बराच वेळ मागे रेंगाळत होता. धातू १३० ला आला तिथून अर्धा तास मोजला. आणि रंग मारल्यावर लगेच भाग आत ठेवले नाहीत, अर्धा तास बाहेर टांगून थिनर उडू दिला. ती वाफ बंद ट्रंकेत तापलेल्या कॉइलवर जमली तर भाजणी वेगळीच होते. हे सगळं अंगणात, घरापासून लांब, आणि वाळूची बादली जवळ ठेवून केलं.

दुसऱ्या दिवशी थिनरच्या बोळ्याने एका लपलेल्या जागी पन्नास वेळा घासलं. बोळा पांढराच राहिला, म्हणजे रंग पुरता भाजला गेला होता. कोचसरांनी रायफल जोडून दिली. दहा मीटरवर पाच-पाच छऱ्यांचे गट पाडले, ते खोलण्याआधीच्या गटांइतकेच होते. माशी काढून बसवल्यामुळे फक्त मागची साइट थोडी उजवीकडे घ्यावी लागली. बहिणीने जिल्ह्याला तीच वापरली आणि ती पुढे विभागाला गेली. तिचं श्रेय तिचं. रंगाने काही नेम लागत नाही.

नळीच्या तोंडाशी, जिथे ती रायफल भिंतीला टेकवते, तिथे एक खरवड पडली आहे. तिच्यावर मी दर सुट्टीत भिंग लावून बघतो. अजून तरी गंज खरवडीच्या बाहेर गेलेला नाही. ट्रंक परत हॉस्टेलला आणली आहे. सायकलचे ब्रॅकेट किंवा प्रोजेक्टचे बारके भाग भाजायचे असतील त्यांनी ४५ सेंटिमीटरच्या आत ठेवावेत, रंग आपला आणावा आणि वर्कशॉपच्या सरांना आधी विचारावं. ट्रंक खोलीत लावता येणार नाही, मागच्या शेडमध्येच लावायची, हे रेक्टर सरांनी मला लेखी दिलं आहे.